थिनरचा वास आणि मुलाची घरघर: वडगावच्या ताईंना उत्तर

वडगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात सांगते. त्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तपासणी आणि पॅकिंगला आहेत. पेंट बूथ, म्हणजे रंग फवारण्याची खोली, त्यांच्या टेबलापासून पंधरा-वीस पावलांवर. जॉब, म्हणजे तयार झालेले भाग, पॅक करण्याआधी थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसायचे, हेही त्यांच्याच कामात येतं. पहिल्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत त्या याच टेबलावर होत्या. तो मुलगा आता ४ वर्षांचा आहे. पाऊस लागला की त्याची छाती घरघरते, दोनदा रात्री वाफ द्यायला न्यावं लागलं, डॉक्टरांनी बाळदमा सांगून पंप दिला. सासूबाईंचं म्हणणं, "पोटात असताना त्याला वास पाजलास, त्याचं हे." आता ताईंना पुन्हा दिवस गेलेत, सातवा आठवडा चालू आहे. त्या विचारतात, हे माझ्यामुळे झालं का, नोकरी सोडू का, आणि कामाचे कपडे मुलाच्या कपड्यांबरोबर धुतले तर चालतात का?

मी बेळगावात लहान मुलांची डॉक्टर आहे, २७ वर्षं झाली. मूळची निपाणीची. माझी आजी तंबाखूच्या वखारीत चाळण्याच्या कामाला जायची. त्यामुळे बाईचं काम तिच्या पदराबरोबर घरात कसं येतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

ताई, तुमच्या तीन प्रश्नांत मला मुळात दोन दिसतात. एक मागचा, ज्याचा हिशेब सासूबाई मागताहेत. दुसरा पुढचा, आणि त्याला वेळ थोडा आहे. मागच्याचं उत्तर महिन्याने मिळालं तरी काही बिघडणार नाही. म्हणून आधी पुढचं बोलू.

आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत दिवस गेल्याचं कुणाला सांगत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात, आणि पहिल्या तिमाहीत गर्भपाताची भीती जास्त असते हे खरंच आहे, त्यामुळे ती रीत उगाच पडली असं मी म्हणणार नाही. मग सातव्यात डोहाळजेवण होतं आणि त्यानंतर बाई कामावरून बसते. जड उचलणं, दिवसभर उभं राहणं, पाय सुजणं यांच्यासाठी हे वेळापत्रक ठीक आहे. हवेतल्या रसायनांसाठी ते बरोबर उलटं पडतं. बाळाच्या फुफ्फुसाचा कोंब चौथ्या आठवड्याच्या सुमाराला फुटतो. श्वासनलिकेला फांद्या, फांद्यांना उपफांद्या फुटणं सोळाव्या-सतराव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ पुरं होतं. हवेचे बारीक फुगे पुढे तयार होत राहतात, जन्मानंतरही कित्येक महिने. पण झाडाचा सांगाडा तयार होतो तो नेमका तुम्ही कुणाला काही सांगत नसता त्या दिवसांत. शिवाय थिनरसारख्या द्रावकांबद्दलची जुनी काळजी दम्याची नाहीच मुळी. पहिल्या तिमाहीत त्यांचा संपर्क जास्त आला तर बाळात जन्मजात दोष राहू शकतात, ही ती काळजी. म्हणजे दम्याचं काय ते ठरायच्या आधीच सावध राहायला कारण पुरेसं आहे.

तेव्हा या आठवड्यात एकाच माणसाला सांगा. सगळ्या शॉपला नको. सुपरवायझर बरा असेल तर त्याला, नाहीतर एचआरमधल्या बाईंना. त्याआधी दोन गोष्टी बघून घ्या.

पहिली म्हणजे बूथमध्ये कुठला रंग मारतात. डब्याचा आणि लेबलाचा फोटो काढा. रंगाबरोबर वेगळ्या छोट्या डब्यातलं हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) मिसळत असतील, म्हणजे दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) पेंट असेल, तर त्या हार्डनरमध्ये बहुतेक वेळा आयसोसायनेट असतं. गाड्या रंगवणाऱ्यांना दमा होण्याचं हे जगभर माहीत असलेलं कारण आहे. यात एक फसगत आहे. थिनरला उग्र वास येतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष थिनरकडे. आयसोसायनेटचा वास मात्र अपाय होण्याइतकं प्रमाण हवेत असलं तरी नाकाला बहुधा कळत नाही. त्यामुळे "आज वास नाही, आज बरं आहे" हा अंदाज तुम्ही लावू नका. फाउंड्रीच्या (ओतकामाच्या) कोअर शॉपमध्ये, म्हणजे जिथे वाळूचे आतले साचे बनवतात तिथे, काही पद्धतींत वाळूला बांधणारं जे रेझिन वापरतात, त्यातही हाच घटक असतो. तुमच्या बाजूला कोअर बनवत असतील तर तेही विचारून घ्या. प्रत्येक रसायनाचा माहितीचा कागद कारखान्याने ठेवायचा असतो. शॉपमध्ये त्याला एमएसडीएस म्हणतात. तो मागायचा हक्क तुम्हाला आहे. तो इंग्रजीत असेल, घाबरू नका. फोटो काढून तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट हवा कुठून कुठे जाते. बूथचा पंखा चालू असताना तुमच्या टेबलाजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरा (उदबत्ती नको, पेंट शॉपजवळ ज्वालाग्राही सामान असतं). पट्टी बूथकडे झुकली तर हवा तिकडे ओढली जातेय, चांगलं. तुमच्याकडे झुकली तर बूथमधली हवा तुमच्या अंगावर येतेय. एका बाईने मला हे करून त्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला होता. त्यांचा एक्झॉस्ट पंखा चक्क उलटा बसवलेला निघाला. पंखा सुलट केला, प्रश्न निम्मा सुटला. त्यासाठी कुणाची नोकरी गेली नाही.

आता मागायचं काय? तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्या, पण "विश्रांतीची गरज आहे" अशी नको. अशा चिठ्ठ्या मीही सुरुवातीला बऱ्याच लिहिल्या. मालक काय वाचतो? ही बाई आता कामाची नाही. चिठ्ठीत नेमकं असावं: "गरोदर आहे. रंग, थिनर आणि हार्डनरच्या वाफांपासून दूरचं बसून करायचं काम प्रसूतीपर्यंत द्यावं." यात ती काम करू शकते हेही आलं आणि तिला काय नको हेही आलं. माझ्या अनुभवात अशा चिठ्ठीवर टेबल हलतं. स्टोअर, डिस्पॅच, कागदपत्रं, कुठेतरी जागा निघते. थिनरने पुसायचं काम तर आजपासूनच दुसऱ्याला द्यायला सांगा. मी ते टेबल पाहिलेलं नाही, पण अशी कितीतरी पाहिलीत. पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन अर्ध्यातून कापलेला, त्यात थिनर, वर बनियनच्या चिंध्या तरंगताहेत, हातमोजे खिळ्याला टांगलेले. थिनर फक्त नाकातून जात नाही, उघड्या हातांच्या कातडीतूनही जातो. आणि तो कॅन दिवसभर तुमच्या नाकापासून हातभर अंतरावर उघडा असतो. बूथ पंधरा पावलांवर आहे, हे खरं. कॅन मात्र मांडीपाशी आहे.

मास्कबद्दल विचारणारच तुम्ही. कापडी किंवा दवाखान्यातला निळा मास्क वाफ अडवत नाही, धूळ थोडीफार अडवतो. वाफेला कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. तो घट्ट बसावा लागतो, कार्ट्रिज वेळच्या वेळी बदलावी लागते, आणि पोट वाढल्यावर तो लावून आठ तास बसणं जिवावर येतं. आयसोसायनेट फवारणाऱ्याला तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा. म्हणून मास्क शेवटी. त्याच्या आधी अंतर, त्याच्याही आधी पंखा आणि झाकण.

तरी "सोडूनच देते" असं वाटत असेल, तर माझी एक चूक ऐका.

साधारण वीस वर्षांपूर्वी खासबागेतली एक बाई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे येत असे. बाई मागाच्या शेडमध्ये कांड्या भरायची. मुलीला दर महिन्याला घरघर. मी तेव्हा हुशारी दाखवली, सुताच्या धुळीवर दोन वाक्यं बोलले आणि म्हणाले, "काम सोडा." तिने सोडलं. पुढे मुलगी यायची बंद झाली, आणि मी समजले की बरी झाली. सात-आठ महिन्यांनी मी निपाणीला घरी गेले होते. गल्लीत ती बाई दिसली. एकाच्या पगारात भागेना म्हणून माहेरी आली होती. आत बोलावलं तिने. दहा बाय दहाची खोली, कौलातून एक कवडसा आलेला. मांडीवर सूप, सुपात जर्दा, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, कात्री, पान कापायचा पत्र्याचा साचा. ती बोलता बोलता विड्या वळत होती, बोटं थांबत नव्हती. सूप जरा हललं की कवडशात धूळ उठायची. मुलगी तिच्या गुडघ्याला डोकं टेकून झोपलेली, आणि तिच्या श्वासाचा आवाज मला दारातून ऐकू येत होता. मी काही बोलायच्या आधी बाईच म्हणाली, "तुम्हीच सांगितलासा न्हवं, काम सोडा म्हणून?"

शेडमध्ये ती दिवसाचे आठ तास धुळीत होती आणि मुलगी घरी आजीकडे. आता दोघी चोवीस तास तंबाखूत. विडी वळणाऱ्या बाईच्या अंगात निकोटिन नाकातून जातं तसं बोटांच्या कातडीतूनही जातं. शेतात तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना चक्कर-उलट्या होतात त्या यामुळेच. निकोटिन वारेतून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं आणि वाढत्या फुफ्फुसाला ते मानवत नाही. हे प्रकरण रंगाच्या वाफेपेक्षा कितीतरी पक्कं माहीत आहे. मी त्या बाईला एका धुळीतून काढून दुसऱ्या, वाईट धुळीत बसवलं होतं.

तेव्हापासून मी "काम सोडा" म्हणण्याआधी विचारते, सोडून काय करणार? वडगावात, शहापुरात घरी बसून मिळणारी कामं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. खानापूर, चंदगडच्या बाजूला काजूची सोलाई मिळते. टरफलाच्या तेलाने हात भाजतात आणि भाजणीचा धूरही असतो. घरी बसणं म्हणजे शुद्ध हवा, असं समीकरण आपल्या भागात तरी नाही. शिवाय तुमच्या पगारातून मुलाचा पंप येतो, हेही धरा.

कायद्याचं थोडक्यात, कारण तेही पैशाचंच आहे. पगाराच्या स्लिपवर ईएसआय (कामगार विमा) कापलेला दिसतो का बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना तो लागू असतो. वर्गणीचे ठरलेले दिवस भरले असतील (आधीच्या दोन वर्गणी-काळांत मिळून ७०), तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पूर्ण मजुरी मिळते. ईएसआय नसेल तर मातृत्व लाभ मालकाने द्यायचा. त्याला आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम लागतं, आणि काँट्रॅक्टवर आहात एवढ्यावरून कुणी तो नाकारू शकत नाही. गरोदरपणात काढून टाकलं तरी हा हक्क बुडत नाही. म्हणजे आज घाईने राजीनामा दिलात तर २६ आठवड्यांच्या पगारावर तुम्ही स्वतःच्या हाताने पाणी सोडाल. मात्र, मागितल्यावर कष्टाचं काम न देण्याची कायद्यातली तरतूद लागू होते ती बाळंतपणाच्या साधारण दहा आठवडे आधीपासून. म्हणजे कायदाही डोहाळजेवणाच्याच सुमाराला जागा होतो. सातव्या आठवड्यात तुमच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी आणि तुमचं बोलणं, एवढंच आहे.

आता मागचा प्रश्न.

या विषयावर परदेशात मोठे अभ्यास झालेत. डेन्मार्कमध्ये ४५,६५८ मुलं आणि त्यांच्या आया यांची माहिती तपासून २०११ साली एक निष्कर्ष मांडला गेला. ज्या आया गरोदरपणी कामावर रंगकामासारख्या रसायनांच्या संपर्कात होत्या, त्यांच्या १८.६ टक्के मुलांना सातव्या वर्षापर्यंत दमा झाला. एकूण लोकसंख्येत तो १६.१ टक्के होता. आईचं वय, वजन, ॲलर्जी, सिगारेट, घरातले पाळीव प्राणी हे सगळं वजा केल्यावर धोका साधारण ११ टक्क्यांनी जास्त राहिला. जपानमध्ये ७८,९१५ आई-मुलांच्या जोड्या पाहिल्या, त्यात गरोदरपणी कामावर रोज जंतुनाशक वापरणाऱ्या बायकांच्या मुलांत तिसऱ्या वर्षी दम्याचं प्रमाण सव्वापट निघालं. (दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या मावश्या आणि नर्सताईंनी हे लक्षात ठेवावं. तुमच्याकडे कुणी बघत नाही.)

ताई, ११ टक्के ऐकून छातीत धस्स होतं. वरचे मूळ टक्के घरातल्या भाषेत मांडते. शंभर आया घ्या, कुणीच रंगाजवळ काम करत नाही. तरी त्यांच्या सोळा मुलांना दमा होणारच. आता शंभर आया रंगाजवळ काम करणाऱ्या घ्या. अठरा-एकोणीस मुलांना होईल, म्हणजे दोन-तीन जास्त. आणि एक्याऐंशी-ब्याऐंशी मुलांना होणार नाही. त्या अठरा-एकोणीसांतली ती दोन-तीन कुठली, हे कुठलीही रक्ततपासणी, कुठलाही एक्स-रे, कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. सासूबाईही नाही. तुमचा मुलगा त्या सोळांतला असण्याची शक्यता दोन-तीनांतला असण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

अर्थात डेन्मार्कच्या कारखान्यातली हवा आणि आपल्या पत्र्याच्या शेडमधली हवा एक नाही. आपल्याकडे फरक जास्त पडत असेल असं मला वाटतं. पण हे माझं वाटणं आहे, त्यावर कुणाला दोषी ठरवता येत नाही. पेंटरला स्वतःला दमा होतो याचा पुरावा भक्कम आहे. त्याच वाफेने पोटातल्या बाळाला दमा होतो याचा पुरावा त्या मानाने कच्चा. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात: पुढच्या बाळासाठी टेबल हलवण्याइतका पुरावा आहे, मागच्या मुलासाठी आईला पिंजऱ्यात उभं करण्याइतका नाही.

माझ्या घरचंच उदाहरण बघा. आजीने चारही मुलं पोटात असताना वखारीत काम केलं. थोरल्या मामाला जन्मभर दमा. माझी आई, मावशी आणि धाकटा मामा ठणठणीत. थोरल्या मामाच्या वेळी घरात चूल आत होती, पुढे ती पडवीत गेली. तो आठव्या महिन्यात जन्मला. आजोबांना दमा होता. यातलं नेमकं कशाने झालं? आजी मात्र शेवटपर्यंत स्वतःलाच बोल लावत राहिली.

आणि मुळात तुमच्या मुलाला दमाच आहे का, हे पक्कं झालेलं नाही. अमेरिकेत टक्सन शहरात मुलांना जन्मापासून पाहत गेले. तीनपैकी एका मुलाला तिसऱ्या वर्षापर्यंत कधी ना कधी घरघर झाली, आणि त्यांतल्या पाचपैकी तिघांची सहाव्या वर्षापर्यंत थांबली. लहानपणी श्वासनलिका अरुंद असते, सर्दीचा विषाणू आला की शिट्टी वाजते. चौथ्या वर्षी आम्ही "बाळदमा" म्हणतो तो पुष्कळदा औषध ठरवण्यासाठी दिलेला शब्द असतो. म्हणून मी आयांना हे विचारते. सर्दी नसतानाही घरघर होते का? पळल्यावर, हसल्यावर, पहाटे तीन-चारला खोकतो का? अंगावर खरूज उठल्यासारखी कोरडी ॲलर्जी आहे का? आई-वडिलांपैकी कुणाला दमा? यातलं बरंचसं "हो" असेल तर दमा पुढे टिकण्याची शक्यता जास्त.

पाऊस लागला की होतं, असं तुम्ही लिहिलंय. जूनपासून आपल्याकडच्या भिंती ओल धरतात. कपाटामागे, पलंगाच्या मागे हात फिरवून बघा, काळी-हिरवी बुरशी लागते का. गाद्यांना दोन महिने ऊन नाही. खिडक्या बंद, त्यात डासांसाठी कॉइल. एक कॉइल पूर्ण जळताना जेवढे बारीक कण हवेत सोडते, ते एका अभ्यासात ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. मच्छरदाणी लावा, कॉइल आजच बंद.

आणि धुरी. इथे मला जपून बोलावं लागेल, कारण दुसरं बाळंतपण येतंय आणि खोली सासूबाईंच्या ताब्यात असणार. बाळाला न्हाऊ घातलं की शेगडीत निखारे, वर ओवा, वेखंड, ऊद, आणि त्या धुरावर बाळ धरायचं. प्रेमाने करतात, मलाही केलेलं आहे. पण कारखान्यातला जो वास सासूबाईंना खटकतो, तो निदान पंधरा पावलांवर होता. धुरी बाळाच्या नाकाखाली असते, तीही फुफ्फुसं कोवळी असताना. मी सासवांना कधी "बंद करा" म्हणत नाही. "बाळाच्या छातीचा त्रास घरात आहे, तेव्हा धुरीऐवजी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून लांबून शेका, धूर नको, आणि शेगडी खोलीत नको," असं म्हणते. ओवा राहतो, मान राहतो, धूर जातो. हे तुम्ही सांगू नका. मुलाला घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या, डॉक्टरांना सांगू द्या.

मुलाच्या वडिलांबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. ते विडी-सिगारेट ओढत असतील तर वरच्या सगळ्या यादीत त्यांचं नाव पहिलं. गॅलरीत जाऊन ओढली तरी धूर शर्टात घेऊन येतात. आश्चर्य याचंच वाटतं की घरात हिशेब मांडायला बसतात तेव्हा आईच्या नोकरीपासून सुरुवात होते.

पंपाची "सवय लागते" म्हणून तो मध्येच बंद करू नका. औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून तोंडाने घ्यायच्या औषधापेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते. दोन प्रकार असतात: धाप लागली की तेवढ्यापुरता घ्यायचा, आणि धाप लागू नये म्हणून रोज घ्यायचा. तुमच्याकडे कुठला आहे ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. निम्म्या घरांत इथेच गोंधळ असतो. स्पेसरशिवाय (पंपाला जोडायच्या नळकांड्याशिवाय) चार वर्षांच्या मुलाला पंप देणं म्हणजे औषध जिभेवर मारणं. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि न पुसता तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने घासला तर आत वीज धरते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. बरगड्यांमध्ये खड्डे पडायला लागले, पोट उडायला लागलं, दोन शब्द बोलून थांबायला लागला किंवा ओठ निळसर दिसले, तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघू नका.

तुमच्याबद्दलही एक विचारते. कामावर असताना खोकला, डोळ्यांत पाणी, छाती आवळल्यासारखं होतं, आणि सुट्टीच्या दिवशी किंवा गणपतीला चार दिवस घरी असताना बरं वाटतं, असं आहे का? असेल तर ते तपासणीत आवर्जून सांगा. कामामुळे होणाऱ्या दम्याची ती खूण आहे. मग मात्र टेबल हलवून भागणार नाही, ते वातावरणच सोडावं लागेल. आईला दमा असेल आणि तो आटोक्यात नसेल, तर पोटातल्या बाळाला प्राणवायू कमी पडतो. गरोदरपणी दम्याचे पंप चालतात. भीतीने ते सोडून देणं जास्त वाईट. पहिल्या तपासणीला ताई कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या तपासण्यांचं सरकारी नोंदकार्ड, काढाल (कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, पण आपल्या सगळ्या बायकांनी त्याचं ताई कार्डच करून टाकलंय), तेव्हा कुणी विचारो न विचारो, "मी पेंट बूथजवळ काम करते" हे आपणहून सांगा.

राहिला कपड्यांचा प्रश्न. तो तुम्ही शेवटी, जरा लाजत विचारल्यासारखा विचारलाय, पण तिन्हींत सगळ्यात सोपा आणि आजच सुटणारा तोच आहे. नाही, एकत्र धुऊ नका. शक्य असेल तर कामाचा ड्रेस कारखान्यातच बदला आणि पिशवीत घालून गाठ मारून आणा. नसेल तर घरी आल्यावर मुलगा धावत येऊन बिलगायच्या आत मोरीत जा, कपडे वेगळ्या बादलीत टाका, हात आणि चेहरा साबणाने धुवा. केसांना कामावर रुमाल बांधत चला, तो त्याच बादलीत. आधी तुमचे कपडे झटकू नका, थेट पाण्यात घाला. मग मुलाला घ्या. दोन-चार दिवस तो दारात रडेल, मग त्याला कळतं की आई आधी मोरीत जाते.

पेंटच्या डब्याचं लेबल मिळालं की त्याचा फोटो पाठवा. हार्डनरचा छोटा डबा असेल तर त्याचाही.